पाणी आणायला मीच का? कायदा कसा जन्मला, कसा वाढला



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. शाळेला भेट द्यायला पाहुणे आले होते. मी चौथीच्या वर्गात भाषेचा तास घेत होतो. नेहमीप्रमाणे मी दोन मुलांना उठवलं आणि म्हटलं, "जा रे, खुर्च्या लावा आणि पाण्याचा जग भरून आणा." एक उठला. दुसरा जागेवरच उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, पाणी आनाले दरवेळी मीच काहून?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण संध्याकाळी गाडीवर घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, दरवेळी तोच का? उत्तर मला माहीत होतं. ती दोन्ही मुलं वाचनात मागे होती आणि न कुरकुरता काम करणारी होती. "याचं नाही तरी फारसं नुकसान होत नाही," असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. म्हणजे ज्यांना तासाची सगळ्यात जास्त गरज, तीच मुलं तासातून बाहेर! वर्गाच्या भिंतीवर 'आमचे वर्गनियम' असा तक्ता होता. त्यात सात नियम होते. सातही मुलांसाठी. सरांसाठी एकही नाही.

पुढच्याच आठवड्यात मला 'नियम व कायदा' हा घटक शिकवायचा होता. तयारीसाठी वाचायला बसलो आणि चक्क आपल्या वाशिमचाच सोळाशे वर्षांपूर्वीचा एक कायदा समोर आला. त्यातही पाणी आणण्याची गोष्ट आहे! त्या निमित्ताने जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो. घटक तोच, फक्त थोडा मुळापासून.

'कायदा' या शब्दातच पाया आहे

'कायदा' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाया, बैठक, आधार. आजही उर्दू शाळेत मुळाक्षरांच्या पहिल्या पुस्तकाला 'कायदा'च म्हणतात. ज्याच्यावर पुढची सगळी इमारत उभी राहते तो कायदा.

आपल्या भाषेतले कोर्टकचेरीचे शब्द नुसते फळ्यावर लिहिले तरी इतिहासाचे थर दिसतात. न्याय, दंड, साक्ष हे संस्कृतातले. फिर्याद, दावा, वकील, जामीन, हक्क हे अरबी-फारसीतले. कोर्ट, समन्स, अपील, जज्ज हे इंग्रजीतले. एकाच खटल्याच्या बातमीत हे तिन्ही थर सुखाने नांदतात. मुलांना वर्तमानपत्राचं कात्रण देऊन हे शब्द शोधायला लावा, त्यांना फार मजा येते.

नियम, रूढी आणि कायदा

मुलं या तिन्ही गोष्टींची गल्लत करतात. खरं तर मोठी माणसंही करतात. नियम एखाद्या गटापुरता असतो, उदा. वर्गाचा, खेळाचा, वाचनालयाचा. रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. ती कोणी केली हे सांगता येत नाही, पण मोडली तर लोक नावं ठेवतात. कायदा मात्र अधिकार असलेल्या संस्थेने केलेला असतो, तो सगळ्यांना लागू असतो आणि मोडल्यास शासन शिक्षा करू शकतं.

या तिघांचं भांडण कसं चालतं ते लग्नाच्या वयावरून बघा. लहानपणी लग्न लावणं ही रूढी होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय १४ ठरवलं. १९७८ मध्ये ते १८ झालं. आज बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ लागू आहे आणि आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. तरीही लग्नसराईत एखादी सातवी-आठवीतली मुलगी अचानक शाळेत यायची बंद होते आणि आपल्या पोटात गोळा येतो. म्हणजे कायदा झाला तरी रूढी लगेच मरत नाही. कायद्याचा इतिहास शिकवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

कोणताही कायदा तपासायला मी मुलांना चार प्रश्न दिले. तेच चार प्रश्न घेऊन आपण पुढे जाऊ.

१. तो सगळ्यांना माहीत आहे का? (लिहिलेला, वाचून दाखवलेला)
२. तो सगळ्यांना सारखा आहे का?
३. तो करणाऱ्यालाही लागू आहे का?
४. तो मोडला तर दाद कुठे मागायची?

आपल्या वाशिमचा ताम्रपट

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या काही सुंदर लेणी ज्याच्या काळात कोरल्या गेल्या तो राजा हरिषेण याच शाखेतला. त्याच्याही आधी, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, इथे दुसरा विंध्यशक्ती राज्य करत होता. त्याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेला एक ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला. वाकाटकांच्या लेखांचा मोठा अभ्यास करणारे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी त्यावर लिहिलं आहे.

ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला राजाचा हुकूम. या हुकुमाने राजाने नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर भागातलं एक गाव काही ब्राह्मणांना दान दिलं. यात नवल काही नाही, असे दानलेख पुष्कळ आहेत. नवल पुढे आहे. या गावाला आता कोणकोणत्या जाचातून सूट, याची मोठी यादी त्यात दिली आहे. मीठ खणण्याची सक्ती नाही. सोनं आणि धान्य द्यायचं नाही. फुलं आणि दूध कोणी घ्यायचं नाही. गाय-बैल द्यायचे नाहीत. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी चारा, कातडी, कोळसा पुरवायचा नाही. शिपायांनी गावात शिरायचं नाही. आणि पाहुण्या अधिकाऱ्यांना खाटा, पाण्याची भांडी आणि नोकर पुरवायचे नाहीत.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सोळाशे वर्षांपूर्वी साहेब आला की गावाने खाट टाकायची आणि पाणी भरायचं. मी वर्गात काय करत होतो? साहेब आले की मुलांनी खुर्ची टाकायची आणि पाणी भरायचं!

ही यादी उलटी वाचून बघा. 'या गावात हे करायचं नाही' म्हणजेच बाकीच्या गावांत हे सगळं चालत होतं. सूट ज्याला मिळाली त्याच्यापेक्षा ज्यांना मिळाली नाही त्यांची कहाणी या तांब्यात जास्त दडली आहे. इतिहासाचं साधन कसं वाचावं हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणखी एक गंमत. या ताम्रपटात सुरुवातीला राजाची वंशावळ आहे ती संस्कृतात, आणि प्रत्यक्ष हुकुमाचा मजकूर आहे तो प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. मोठेपणा सांगायचा तर संस्कृत, आणि काम करून घ्यायचं तर लोकांना कळेल असं. कायदा लोकांच्या भाषेत असावा हा आग्रह आपण आज धरतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला. पण त्या आग्रहाचं एक जुनं बीज इथे वाशिमच्या मातीतच दिसतं.

आता दुसरा ताम्रपट बघू. तोही आपल्या विदर्भातलाच, अचलपूरजवळच्या चम्मक गावचा. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाने तो पाचव्या शतकात दिला. हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलेलं आहे, पण अटींवर. त्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांचं वाईट करू नये. या अटी मोडल्या तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. उलट, कोणी या गावाला त्रास दिला आणि ब्राह्मणांनी तक्रार केली तर त्याला शिक्षा करू, असंही राजा म्हणतो. म्हणजे हक्क, अट, तक्रार आणि शिक्षा, कायद्याचे चारही सांधे इथे आहेत.

याच लेखात गावाला सर्व प्रकारच्या 'विष्टी'तून सूट दिली आहे. विष्टी म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेलं काम. हाच शब्द प्राकृतातून घासत घासत मराठीत आला तो 'वेठ'. 'वेठीस धरणे', 'वेठबिगार' यातला वेठ तोच. शब्द टिकला म्हणजे काम टिकलं.

आपल्या चार प्रश्नांना हे ताम्रपट लावून बघा. लिहिलेला आहे? हो. दाद मागता येते? काहींना येते. सगळ्यांना सारखा? मुळीच नाही. राजाला लागू? राजाने स्वतःहून आपल्या माणसांचे हात बांधले, तेवढाच. ही सूट म्हणजे राजाची मेहेरबानी होती, हक्क नव्हे.

जगात त्या आधी काय चाललं होतं?

लिहून ठेवलेला कायदा ही कल्पना आपल्या ताम्रपटांहून खूप जुनी आहे. आजच्या इराकमधल्या बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ.स.पूर्व अठराव्या शतकात आपले कायदे एका उंच काळ्या दगडावर कोरून घेतले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. 'डोळ्याला डोळा' ही शिक्षा तिथलीच. पण नीट वाचलं तर ती सगळ्यांसाठी नव्हती. बड्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जाई. सामान्य माणसाचा फोडला तर ठरावीक चांदी देऊन सुटका होई. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम, आणि ती मालकाला!

रोममध्ये वेगळं घडलं. तिथे कायदा बड्या घराण्यांच्या तोंडी असायचा आणि ते सोयीने तो फिरवायचे. म्हणून सामान्य लोकांनी हट्टच धरला की कायदा लिहून सगळ्यांसमोर लावा. त्यातून इ.स.पूर्व ४५०च्या सुमारास 'बारा पाट्या' तयार झाल्या. आपला पहिला प्रश्न तिथे लोकांनी विचारला होता. तिसरा प्रश्न इंग्लंडमध्ये १२१५ मध्ये गाजला. 'मॅग्ना कार्टा' या सनदेने राजालाही काही बंधनं मान्य करावी लागली. तीही सरदारांच्या दबावामुळे, गरिबांसाठी नव्हे. पण राजा कायद्याखाली येऊ शकतो हे एकदा कागदावर आलं.

धर्मशास्त्र, गोतसभा आणि 'पाचामुखी परमेश्वर'

आपल्याकडे कायद्याचं एक मोठं मूळ स्मृतिग्रंथांत आहे. वारसा, कर्ज, ठेव, सीमावाद यांचा बारीक विचार त्यांत आहे, आणि वर्ण व लिंग बघून वेगवेगळी वागणूकही आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाला जन्मतःच हक्क, हा तिचा विचार. सुमारे नऊशे वर्षं तो चालत आला, इंग्रजांच्या कोर्टातही आणि स्वतंत्र भारतातही. मुलीला असाच जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. पालकहो, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना हा नऊशे वर्षांचा प्रवास एकदा आठवून बघा.

मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेत सुटत. गोत म्हणजे पाटील, कुलकर्णी, वतनदार, बलुतेदार अशी गावची मंडळी. पद्धत मोठी काटेकोर होती. आधी वादी-प्रतिवादी लिहून देत की निवाडा होईल तो आम्हाला मान्य. या कागदाला 'राजीनामा' म्हणत! आज राजीनामा म्हणजे पद सोडणं, तेव्हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. मग जामीन, तक्रार, कागदोपत्री पुरावा, साक्षी. निवाड्याचा कागद होई. जिंकणारा 'हरकी' नावाची रक्कम सरकारात भरे आणि हरणारा 'गुन्हेगारी'. पुराव्याने काही ठरेना तर 'दिव्य' करायला लावत. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला तर खोटा! चौथीच्या मुलांनी यावर लगेच विचारलं, "सर, तेल तं सगळ्याईलेच पोयते ना?" पुराव्याशिवाय न्याय नाही हे तत्त्व मुलांना त्या एका प्रश्नातून समजलं.

गोतसभेचा मोठा गुण म्हणजे न्याय गावात, ओळखीच्या भाषेत आणि लवकर मिळे. मोठा दोष म्हणजे गोतात कोणाला जागा आणि कोणाला नाही हे जातीने आणि वतनाने ठरे. आपल्या भागातल्या बंजारा तांड्यांतही नायक आणि 'नसाब' म्हणजे न्यायासाठी बसलेली सभा अशी परंपरा आहे. गावाने आपसात तंटा मिटवावा यात वाईट काही नाही. पण पंचांनी एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर? त्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. पाचामुखी परमेश्वर खरा, पण त्या पाचांनाही चार प्रश्न लागू आहेत.

तिसऱ्या प्रश्नावर मराठी माणसाला लगेच आठवतात ते रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा न्यायाधीश रामशास्त्रींनी राघोबादादांना दोषी धरलं आणि पद सोडलं, ही कथा आपण सगळ्यांनी शिकवली आहे. ती शिकवताना एवढं जरूर जोडा, की एका माणसाच्या धैर्यावर टिकलेला न्याय तो माणूस उठून गेला की संपतो. म्हणून पुढे न्यायव्यवस्था माणसावर न ठेवता घटनेवर ठेवावी लागली.

इंग्रजी अंमल: एक पुस्तक, सगळ्यांना एक शिक्षा?

आपलं वऱ्हाड निजामाकडे होतं. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. वाशिम तेव्हा 'बाशिम' नावाने स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. गंमत अशी, की कारभार इंग्रजांचा असला तरी कागदोपत्री वऱ्हाड निजामाचंच होतं. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत, सरकारी हुकूम काढून एकेक लागू करावा लागे. कायदा लागू व्हायला आधी तो करणाऱ्याचा अधिकार लागतो, ही तांत्रिक वाटणारी गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रत्यक्ष जगली आहे.

या काळातली मोठी घटना म्हणजे १८६० ची भारतीय दंडसंहिता. एका गुन्ह्याला एक शिक्षा, गुन्हेगाराची जात न बघता. दुसऱ्या प्रश्नाचं हे मोठं उत्तर होतं. ती संहिता दीडशेहून जास्त वर्षं चालली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली.

पण त्याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदाही केला. पारध्यांसह कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. काही न करता हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. हा कायदा लिहिलेला होता, रीतसर केलेला होता, आणि तरीही अन्याय होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. तो शिक्का मात्र अजून पूर्ण पुसला गेलेला नाही. एखादी पेन्सिल हरवली की वर्गातल्या नजरा कोणाकडे वळतात ते आपण शिक्षकांनी प्रामाणिकपणे आठवून बघावं.

पाण्यापाशी कायदा अडतो

आता पुन्हा पाण्याकडे येऊ. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने पुढे आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. म्हणजे लिहिलेलं होतं, मंजूर होतं. पण पाणी कोणी भरू देईना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी प्यायलं. त्यावर हल्ले झाले, कोर्टात दावा गेला, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका ओंजळीला दहा वर्षं!

कायदा नुसता लिहून भागत नाही. तो वापरणारी माणसं लागतात आणि दाद देणारं न्यायालय लागतं. चौथा प्रश्न का महत्त्वाचा ते महाडला समजतं.

सुटीपासून हक्कापर्यंत

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि चारही प्रश्न पहिल्यांदा एका ठिकाणी सुटले. कलम १४, कायद्यापुढे सगळे समान. कलम १७, अस्पृश्यता नष्ट. कलम १३, शासनानेही मूलभूत हक्कांविरुद्ध कायदा केला तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल. कलम ३२, हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद.

आणि कलम २३, वेठबिगारीला मनाई. वाशिमच्या ताम्रपटाशेजारी हे कलम ठेवून वाचा. तिथे एका राजाने एका गावाला, काही लोकांच्या नावे, मेहेरबानी म्हणून सूट दिली. इथे कोणाही माणसाला, कोणत्याही गावात, कोणाची मेहेरबानी न मागता हक्क आहे. माझ्या मते कायद्याचा सगळा इतिहास या दोन ओळींच्या मधला रस्ता आहे. काहींच्या सुटीपासून सगळ्यांच्या हक्कापर्यंतचा.

याच कलम २३ मध्ये पुढे एक छान गोष्ट आहे. सार्वजनिक कामासाठी शासन सक्तीची सेवा घेऊ शकतं, पण ती घेताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव करायचा नाही. म्हणजे काम लागलं तर सगळ्यांना लागेल. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर, पाणी आणणं वाईट नाही, एकाच मुलाला दरवेळी पाठवणं वाईट.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं बंद केलं. अजून काही पालक शाळेत येऊन "गुरुजी, दोन हाना त्याले, आमचं काही म्हननं नाही" असं सांगतात. पालकहो, तुमची परवानगी असली तरी कायद्याची नाही. आणि मित्रांनो, आपल्याला आवडणारं कलमही त्यात आहे. कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामांना लावायचं नाही. आपण ते कलम मोठ्याने वाचतो. मग तासातून उठवलेल्या मुलाचा प्रश्नही आपल्याला तेवढाच मोठ्याने ऐकू यायला हवा.

वर्गात हा घटक कसा घ्याल?

मी असा घेतला.

* पहिल्या दिवशी भिंतीवरचे वर्गनियम काढून मुलांच्या हाती दिले. गटात बसून प्रत्येक नियमाला चार प्रश्न विचारायला सांगितले.
* दुसऱ्या दिवशी वाशिमच्या ताम्रपटातल्या सुटींची यादी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "मग बाकीच्या गावांत काय होत असेल?" उत्तरं मुलांनीच काढली.
* तिसऱ्या दिवशी आजी-आजोबांकडून माहिती आणायला सांगितली. पूर्वी गावात तंटा झाला की कोण मिटवायचं? विहिरीवर पाणी भरण्याचे नियम काय होते? काही उत्तरं ऐकून वर्ग एकदम शांत झाला. अशा वेळी घाई करू नका आणि कोणत्याही मुलाला त्याच्या घरची गोष्ट सांगायला भाग पाडू नका.
* चौथ्या दिवशी नवे नियम केले. प्रत्येक नियमावर चर्चा आणि हात वर करून मतदान.

नवीन तक्त्यात पाण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागते आणि तास चालू असताना कोणालाही बाहेर पाठवायचं नाही, असं ठरलं. पाळीच्या यादीत सरांचंही नाव हवं, हे मुलींच्या गटाने सुचवलं. मतदानात माझ्याविरुद्ध एकमत झालं. महिन्यातून एकदा मी जग भरून आणतो. पहिल्या वेळी मुलांना फार गंमत वाटली. आता कोणी बघतही नाही, आणि तेच बरं.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याचं वाचन लगेच सुधारलं वगैरे काही सांगत नाही. तो अजून अडखळतच वाचतो. पण आता वाचनाच्या तासाला तो वर्गात असतो.

चौथा प्रश्न मात्र आमच्या तक्त्यावर अजून अर्धाच सुटला आहे. मुलांपैकी कोणी नियम मोडला तर वर्गसभेत सांगायचं, हे ठरलं. "आन् सरांनी मोडला तं?" यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. कोणी म्हणालं तक्रारपेटीत चिठ्ठी टाकू, कोणी म्हणालं मुख्याध्यापकांना सांगू. एक जण म्हणाला, "सरले घाबरलो तं चिठ्ठी कोन टाकीन?" त्याला मी अजून नीट उत्तर देऊ शकलेलो नाही.

तुमच्या वर्गात हा घटक घेतलात, तर तुमच्या मुलांनी या प्रश्नाचं काय उत्तर काढलं ते मला नक्की कळवा. मी ते आमच्या तक्त्यावर लिहीन.